कमानीवरची बंदूक

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. पोरगा सैन्यातून निवृत्त होऊन घरी आला, आणि त्या दिवशी गावानं त्याला जो मान दिला तो त्याचा नव्हताच. जो त्याचा होता तो कुणी दिला नाही. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि जाऊ द्यायची माझी इच्छाही नाही. म्हणून हे लिहितोय. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं येतं, पण वाचता येतं.

आमचं गाव दौंड तालुक्यात, राहूच्या बाजूला, भीमेच्या काठाला. नदीच्या अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर. मी गुळव्या. गुऱ्हाळावर मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो, तो कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. हयात त्या धगीला गेली. एका डोळ्याची पापणी अर्धी जळालेली आहे ती त्यातलीच. आता गुऱ्हाळावर सगळी हिंदी बोलणारी पोरं असतात. मीही ‘आग कम कर’ म्हणायला शिकलो, पण गूळ कधी उतरवायचा हे मी मराठीतच ठरवतो.

पोरगा सैन्यात होता खरा, पण दवाखान्याकडं. नर्सिंग असिस्टंट म्हणतात त्याला. म्हणजे असं की गोळी चालते तेव्हा बाकीचे बंदूक धरतात, आणि ज्याला लागली तो ज्याच्या नावानं हाक मारतो तो हा. हे मला आज सांगता येतं. तेव्हा मलाही नीट सांगता येत नव्हतं. तो सुट्टीवर आला की पारावर लोक त्याला एकच विचारायचे.

“किती मारलं रं?”

“एकबी न्हाई.”

“मग करतो काय तिथं?”

“पट्ट्या बांधतो.”

लोक हसायचे. तो गेला की मला ऐकवायचे. “तात्या, पोरगं बॉर्डरवर हाय का इंजेक्शनवर?” एक जण तर म्हणाला, “पुढच्या सुट्टीला आलं की आमच्या म्हशीकडं लावून द्या. ढोरांचा डॉक्टर यवतवरनं यायला लई नखरं करतोय.” मी त्याला त्याच्या बापाचं काय काय काढून दाखवलं ते इथं लिहीत नाही. पण मनात मलाही लागायचं. मी घरी येऊन बायकोवर ओरडायचो.

मग एके वर्षी त्याचा फोन आला. “तात्या, एक पदक मिळालंय.”

“कशाचं?”

“काम केलं म्हणून.”

“कसलं काम?”

“आपलं नेहमीचंच. आईला द्या.”

एवढंच. मी पारावर जाऊन सांगितलं की शौर्याचं पदक आहे. त्या दिवसापासून म्हशीचं बोलणं बंद झालं. लोकांनी आपल्या मनानंच हिशेब लावला. पदक मिळालं म्हणजे मारलं असणार, आणि पट्ट्यांचं सांगतो ते सैन्याचं गुपित असणार. मीही कुणाला तोडलं नाही. मला ठाऊकच नव्हतं तर तोडणार काय.

निवृत्तीची बातमी कळली तसा आमच्या विकास सोसायटीचा चेअरमन घरी आला. त्याला सगळं गाव चेअरमनच म्हणतं, त्याची आईसुद्धा. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या डोक्यात होतं हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

“तात्या, फौजीची मिरवणूक गावाची. तुम्ही कशातच पडायचं न्हाई. उघडी जीप, डीजे, जेसीबीनं फुलं, जेवण. अशी करायची की पार वरवंडपर्यंत नाव निघालं पायजे.”

मी कुणाचं घेणारा माणूस नाही. पण माझ्या पोराची मिरवणूक म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. मी हो म्हणालो. शब्द दिला.

फ्लेक्स यवतला छापला. आदल्या दिवशी गावच्या कमानीवर चढवला तेव्हा मी खाली उभा होतो. तोंड माझ्या पोराचं, ते त्यानं कधीतरी काढलेल्या पासपोर्ट फोटोतलं. त्याखाली धड दुसऱ्या कुणाचं तरी, दंड मांडीएवढे, आणि हातात ही मोठी बंदूक, तिच्यातून जाळ निघालेला. मागं रणगाडा, त्याच्या मागं वाघाचं डोकं. वर लिहिलेलं मी अक्षर अक्षर लावून वाचलं. ‘शत्रूचा कर्दनकाळ’. आणि कडेला चेअरमन, हात जोडून, माझ्या पोराच्या दुप्पट. मला राग आला तो त्या दुप्पट तोंडाचा. बंदुकीचं काही वाटलं नाही. उलट बरी दिसते असंच वाटलं.

दौंड स्टेशनवर आम्ही जीप घेऊन गेलो. पोरगा काळी ट्रंक खांद्यावर टाकून उतरला. केस पांढरे झालेले. पाया पडला. मी म्हणालो, “बस पुढं.” रस्ताभर तो उसाकडं बघत होता. कुणाचा तुटला, कुणाचा उभा, एवढंच विचारलं.

कमानीपाशी डीजे लागलेला, हलगीवाले वेगळे, बायका आरत्या घेऊन, आणि जेसीबी पुढच्या बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरून उभा. पोरानं वर बघितलं. ड्रायव्हरला म्हणाला, “थांब.”

“तात्या, हे कुणी केलं?”

“गावानं.”

“माझ्या हातात ते काय हाय?”

“बंदूक. दिसत न्हाई व्हय?”

“उतरवा ते आधी. मग मी पुढं येतो.”

चेअरमन जीपपाशी आला होता. त्यानं ऐकलं. “फौजी, शोभंचं असतंय वो ते. हातात सलाईनची बाटली दाखवली तर टाळ्या कोण वाजवंल?”

पोरगा त्याच्याशी बोललाच नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, “तात्या, मी माणसं शिवलीत. फाडली न्हाईत.”

आता तुम्ही म्हणाल, बापाला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण सगळं गाव उन्हात उभं. माझे सोयरे आलेले. मी शब्द दिलेला. आणि कमानीखाली माझ्या पोरानं गावासमोर रुसायचं? माझं डोकं तापलं. मी म्हणालो, “तुझी आई सकाळधरनं उपाशी हुभी हाय तिथं. फोटूवरनं भांडायला तू काय ल्हान हायस? बस म्हणलं तर बस.”

तो बसला. जीप कमानीखालून निघाली.

तेवढ्यात पोरांनी सुतळी बॉम्बची माळ लावली. पहिला बॉम्ब जीपच्या चाकापाशी फुटला, आणि माझ्या पोरानं काय केलं, मला मानेला धरून सीटच्या खाली दाबलं आणि स्वतः माझ्यावर आडवा पडला. माझा फेटा उडाला. तोंड त्याच्या छातीत घुसलं. श्वास कोंडला. बॉम्ब फुटत होते आणि तो हलत नव्हता. मग एकदम उठला, मला उचलून बसवलं, फेटा झटकून हातात दिला.

गाव हसलं. आधी मागची पोरं हसली, मग सगळेच. कुणीतरी डीजेच्या माइकवरच म्हणालं, “अरं, फौजी घाबरलं की. फटाकड्याला भेलं.” चेअरमन हसत हसत म्हणाला, “असू द्या, सवय मोडली आसंल.” जेसीबीनं बकेट उपडी केली आणि झेंडूच्या पाकळ्या आमच्यावर पडल्या. मी पोराकडं बघितलं नाही. मला लाज वाटली होती. शौर्याचं पदक मिळवलेला माझा पोरगा, आणि सुतळी बॉम्बला घाबरून बापाच्या अंगावर पडतो. पूर्ण रस्ता मी समोर बघत बसलो आणि दात आवळत होतो.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. तिथं आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. ज्याचा सत्कार, त्याचा नंबर शेवटी. आधी व्यासपीठावरच्या एकेका पाहुण्याला फेटा, शाल, नारळ. नाव पुकारायचं, टाळ्या, फोटो. कुणाचं नाव राहिलं की तो खुर्ची सरकवून उठतो, मग त्याला हाताला धरून परत बसवायचं आणि दुसऱ्यांदा सत्कार करायचा. दूधवाल्यांचा झाला, पोल्ट्रीवाल्यांचा झाला, जेसीबीच्या मालकाचा झाला. पोरगा कडेच्या खुर्चीवर गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. मी त्याच्या शेजारी.

मग चेअरमन बोलायला उठला. आवाज चढवला. “आपल्या मातीतला हा वाघ. शत्रू समोरनं आला. ह्या पठ्ठ्यानं मागं बघितलं न्हाई. एकट्यानं धडाधड मुडदं पाडलं.” टाळ्या. “रगताचा सडा घातला.” टाळ्या. माझ्या पोराच्या गुडघ्यावरची बोटं आवळत गेली. तो उठणार असं मला वाटलं, पण त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि तो बसून राहिला. मी बस म्हणालो होतो ना.

उठला तो दुसराच. मांडवाच्या पाठीमागून एक तिशीतला माणूस पुढं येत होता, काठी टेकत. एक पाय सरळ टाकत होता, घोट्यात वाकत नव्हता. त्याच्या मागं एक म्हातारी, हातात पिशवी. आमच्या गावातलं कुणी नव्हतं. तो व्यासपीठापाशी आला आणि मोठ्यानं म्हणाला, “चेअरमनसाहेब, हे आसं न्हाई झालेलं. मी हुतो तिथं. मला दोन मिनिटं बोलू द्या.”

चेअरमननं विचारलं, “कुठलं पाव्हणं?”

“शिरूर तालुका. नदीपल्याडचा.”

“पल्याडचं व्हय. मग सावकाश, जेवणं झाल्यावर बोला की.” आणि त्यानं डीजेवाल्याला हात केला. असा जोराचा आवाज लागला की पत्रे थरथरले. माणूस तोंड हलवताना दिसत होता. ऐकू काही येत नव्हतं. माझा पोरगा खुर्चीवरून उडी टाकून खाली गेला, त्या माणसाला मिठी मारली, आणि ते दोघं तिथंच आवाजात उभे राहिले.

मी खाली उतरलो. त्या माणसाला दंडाला धरलं आणि शाळेच्या मागच्या ओट्यावर घेऊन गेलो. म्हातारी आली. पोरगा यायला लागला तर मी त्याला म्हणालो, “तू हितं थांब. मला ह्याच्याकडनं ऐकायचंय. तू तर तोंड उघडायचा न्हाईस.”

ओट्यावर त्या माणसानं पँट वर केली. गुडघ्याखाली पाय नव्हता, बनवलेला होता. काठी बाजूला ठेवून त्यानं सांगितलं. मी त्याच्याच बोलण्यात लिहितो, कारण मला त्यात भर घालायची नाही.

“तात्या, वरची चौकी. सकाळची वेळ. मी आन् एक बिहारकडचा गडी, वायर तुटलेली जोडायला भाईर गेलो. पल्याडनं गोळं पडाय लागलं. तोफंचं. एक आमच्याशेजारी फुटला. माझा पाय खाली लोंबत हुता. त्या गड्याच्या पोटात घुसलं. सगळी बंकरात. आमच्यापतूर यायला मधी उघडी जागा, आडोसा म्हणून एक दगड न्हाई. साहेब म्हणलं, थांबा, गोळं थांबू द्या. तुमचा पोरगा थांबला न्हाई. बंदूक बंकराच्या तोंडाला ठिवली. साहेबानं इचारलं, बंदूक का टाकली. ह्यो म्हणला, दोन्ही हात लागत्यात.”

“मग?”

“मग सरपटत आला. पायाला पट्टा आवळला. मला लई झोप याय लागली. बरं वाटाय लागलं. ह्यानं थोबाडीत दिली. इचारलं, कुठला तू? म्हणलं, शिरूर. कुठलं गाव? सांगितलं. तर ह्यो म्हणतो, म्हंजी पल्याडचा हायस तर. बंधाऱ्याचं ढापं उन्हाळ्यात तुम्हीच काढता ना, चोरांनू?”

इथं मी ओट्यावर बसूनही हसलो. नदीवर आमचा बंधारा आहे. पाणी अडवायला त्यात लोखंडी पत्रे बसवतात, त्याला ढापे म्हणतात. कुणी गुपचूप काढले की पाणी खाली निघून जातं. अलीकडचे म्हणतात पलीकडच्यांनी काढले, पलीकडचे म्हणतात अलीकडच्यांनी. माझ्या आयुष्यात ह्यावरून किती डोकी फुटली ते मी पाहिलंय.

“मला आसा राग आला तात्या. पाय तुटलाय, आन् ह्यो मला चोर म्हणतोय. मी म्हणलं, ढापं तुमच्याच गावचं लोक काढत्यात. ह्यो म्हणला, झक मारतोस, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणलं, काय बघितलंस? कवा? आसं आमचं भांडण. गोळा आला की ह्यो माझ्या आन् त्या गड्याच्या अंगावर आडवा पडायचा. माती पडून व्हायची. उठायचा, परत हात चालू, आन् परत इचारायचा, सांग, पाण्याच्या मोटारी कुणाच्या जास्त हायत नदीवर? मी झोपलो न्हाई ते ह्याच्या रागानं. मी जगलो ते भांडता भांडता जगलो. ह्याच्या पाठीत लोखंड घुसलेलं हुतं. ते मला हॉस्पिटलात दुसऱ्यानं सांगितलं.”

 त्याचं एकच वाक्य डोक्यात राहिलं. गोळा आला की अंगावर आडवा पडायचा.

कमानीखाली तो घाबरला नव्हता. आवाज झाला आणि शेजारी माणूस होतं, म्हणून तो त्या माणसावर पडला. ते माणूस मी होतो. आणि मी लाजून समोर बघत बसलो होतो.

एकदा आमच्या गुऱ्हाळावर एक गडी पाय घसरून काहिलीत गेला होता. उकळता रस. वर होते ते सगळे ओरडले. मी काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी होतो, धावत वर आलो तोवर एकानं दोन्ही हात रसात घालून त्याला ओढून काढलं होतं. तोही बिहारकडचाच कुणी पोरगा. त्याचे हात कोपरापर्यंत सोललेले मी बघितलेत. त्याला कुणी शाल दिली नाही. पुढच्या हंगामात तो आला नाही तर कुणी विचारलंही नाही. आणि जे ओरडले ते पुढं कित्येक वर्षं पारावर ती गोष्ट आपली म्हणून सांगत होते. मला हे ठाऊक आहे. माणूस उकळत्यात पडला की ओरडायला सगळे असतात.

आता म्हातारी पुढं झाली. तिनं पिशवीतून खण आणि नारळ काढला. म्हणाली, “दादा, फौजीची आई कुठं हाय? मला तिची ओटी भरायचीय. सकाळधरनं शोधतीय. गाड्या बदलून आलीय. कुणी सांगंना.”

माझी बायको मांडवाच्या कडेला बायकांत बसली होती, खुर्चीसुद्धा नव्हती तिला. मी तिला हाक मारून आणली. म्हातारीनं तिला ओट्यावर बसवलं, हळदकुंकू लावलं, पदरात खण, नारळ, मूठभर तांदूळ घातले. म्हणाली, “तुझ्या पोटानं माझं पोट राखलं बाई.” दोघी रडल्या नाहीत. बायको फक्त पदर गच्च धरून बसली. त्या दिवशी त्या गावात जो काही खरा सत्कार झाला तो तेवढाच, शाळेच्या मागं, संडासाच्या भिंतीला लागून.

मग डीजे थांबला. माइकवर माझं नाव पुकारलं. आईवडिलांचा सत्कार. चेअरमन शाल घेऊन उभा. मी व्यासपीठावर गेलो आणि शाल हातानं बाजूला सारली. माइक धरला.

म्हणालो, “तुम्ही मघाशी हसलात. फटाकड्याला भेलं म्हणलात. ते भेलं न्हाई. ते माझ्या अंगावर पडलं. तिथं बी ते आसंच पडलं दुसऱ्याच्या अंगावर, खऱ्या गोळ्यात. त्यानं एकबी मुडदा पाडला न्हाई. त्यानं बंदूक खाली ठिवली हुती, कारण दोन्ही हात—”

माइक बंद झाला. कुणी बंद केला ते मी पाहिलं. पण मी ऊस पिळायच्या चरक्याच्या इंजिनाशेजारी आयुष्य काढलंय, मला माइक लागत नाही. मी तसाच ओरडून सांगितलं. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. मागं वाढपी बुंदी घेऊन निघाले होते, पंगत धरायला लोक उठत होते. चेअरमननं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडं बघून म्हणाला, “तात्यांना भरून आलंय. बापाचं काळीज हाय.”

“भरून न्हाई आलं,” मी म्हणालो. “तुमचा राग आलाय.”

त्यावरही काही जण हसले. एक म्हातारा मात्र उठून माझ्या पोरापाशी गेला. तोच, म्हशीवाला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जेवायला गेला. बाकी तेवढंच. मी असं सांगणार नाही की गाव गप्प झालं, माना खाली गेल्या. गाव जेवलं. बुंदी चांगली झाली होती म्हणतात. मी खाल्ली नाही.

पाहुणा आणि त्याची आई आमच्या घरी जेवले. जाताना तो पोराला म्हणाला, “ढापं तुम्हीच काढता.” पोरगा म्हणाला, “निघ.” दोघंही हसले. दिवसभरात पहिल्यांदा मी माझ्या पोराला हसताना पाहिलं.

दिवस मावळायला घराच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मला वाटलं होतं तो म्हणेल, तात्या, बरं बोललात. त्यानं बूट काढून कडेला ठेवले. मग म्हणाला, “तुम्ही एकाचंच बोललात.”

“म्हंजी?”

“तिथं दोघं हुते.”

तो पुढं बोलला, आणि सैन्यात गेल्यापासून माझ्याशी एवढं तो कधी बोललेला नव्हता. “एक हात ह्याच्या पायावर, एक हात त्या दुसऱ्याच्या पोटावर. ह्याच्याशी भांडाय आपली नदी हुती, बंधारा हुता. त्याला मराठी येत न्हव्हतं. त्याच्याकडची नदी कंची, मला ठावं न्हव्हतं. हिंदीत नुसतं ‘कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ’ म्हणत राहिलो. ह्यो जागा राहिला. तो गेला. पदक त्या दिवसाचंच हाय.”

“मग मला सांगायचं न्हाई व्हय हे?”

“कुणाला सांगायचं? किती मारलं इचारणाऱ्याला?”

“मी बाप हाय तुझा. मी इचारलं हुतं.”

“आज सकाळी सांगितलं की. माणसं शिवलीत म्हणलं.” त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, आणि तेच मला सोसवलं नाही. “तुम्ही म्हणलात, बस म्हणलं तर बस.”

तो उठून आत गेला. मी बसून राहिलो. चेअरमनचा राग सोपा होता. डीजेवाल्याचा सोपा होता. हा जो आत्ता आला तो कुणावर काढावा ते कळेना. समोर रस्त्यापलीकडं कमान दिसत होती. गावानं तिला लाइट लावली होती. माझ्या पोराचं तोंड, दुसऱ्याचे दंड, बंदुकीतून जाळ. आणि मी खाली उभा राहून म्हणालो होतो की बरी दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळावरची शिडी खांद्यावर घेतली, ऊस तोडायचा कोयता कमरेला लावला आणि कमानीपाशी गेलो. ह्या वयात शिडी चढू नको असं डॉक्टर म्हणतो. चढलो. दूध घालायला निघालेले दोघे गाडी थांबवून म्हणाले, “तात्या, पडाल, आम्ही सोडतो की दोऱ्या.” मी म्हणालो, “दोऱ्या सोडायच्याच न्हाईत.” कोयत्यानं फक्त माझा पोरगा कापून काढला. तोंड, दंड, बंदूक, जाळ, सगळं एका तुकड्यात. बाकीचं तसंच ठेवलं. रणगाडा राहिला, वाघ राहिला, ‘शत्रूचा कर्दनकाळ’ राहिलं, आणि चेअरमन राहिला, एका मोठ्या भोकाला हात जोडून. भोकातून पलीकडचा ऊस दिसत होता.

तुकडा घरी आणला. छापलेली बाजू खाली करून वैरणीच्या गंजीवर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवले, आणि म्हशीची धार काढायला बसलो.